बर्फाच्या शाळेला एकटीने जाताना

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात, युरोपियन आणि हिंदी श्रोत्यांच्या मिश्र समुदायासमोर, अठरावे वर्ष पुरे होण्यास अद्याप महिनाभर अवकाश असलेली एक महाराष्ट्रीय विवाहिता उभी राहिली आणि वैद्यकविद्येच्या अध्ययनासाठी आपण अमेरिकेस का जात आहोत, याचा जबाब तिने सहा प्रश्न स्वतःच मांडून दिला. अमेरिकेस का जाता, हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय, एकट्याच का जाता, परत आल्यावर लोकांनी बहिष्कार घातला तर काय, परमुलखात अरिष्ट ओढवले तर काय कराल, आणि आजवर कोणाही स्त्रीने जे केले नाही ते तुम्हीच का करावे, असे ते सहा प्रश्न होते. आनंदीबाई जोशी यांच्या त्या भाषणाचा उल्लेख आपण त्यांच्या धैर्याच्या संदर्भात नेहमी करतो. परंतु त्या प्रश्नांची यादी आज पुन्हा सावकाश वाचली, तर बहिष्काराचा प्रश्न कालबाह्य झाला असला, तरी ‘एकटीच का’ आणि ‘काही झाले तर’ हे दोन प्रश्न सव्वाशेहून अधिक वर्षे लोटल्यावरही जसेच्या तसे उभे आहेत, असे दिसून येते.

सोलापुरातील एखादी मध्यमवयीन शिक्षिका, बँकेतील कर्मचारी किंवा स्वतःचा शिलाईचा व्यवसाय सांभाळणारी गृहिणी, युरोपातील आल्प्स पर्वतात केवळ स्त्रियांसाठी भरणाऱ्या आठवडाभराच्या स्की-शिबिराला एकटीने जाण्याचा मनसुबा बोलून दाखवते, तेव्हा घरातून, कचेरीतून आणि महिला मंडळातून तिच्याकडे प्रथम येतात ते हेच दोन प्रश्न. त्यांच्या जोडीला एक तिसराही येतो, आणि तो आनंदीबाईंना कोणी विचारला नव्हता : याची गरज काय? आनंदीबाईंपाशी त्याचे उत्तर आधीच सिद्ध होते. स्त्रियांना स्त्री-वैद्य हवी, ही गरज एवढी उघड होती की, विरोधकांनाही ती नाकारता येत नव्हती. बर्फावरून घसरत जाण्याची विद्या शिकण्यासाठी परदेशी निघालेल्या स्त्रीपाशी असे कोणतेही लोकहिताचे कवच नाही. तिला ते करावेसे वाटते, एवढेच तिचे कारण असते. हे कारण पुरेसे आहे, अशी माझी धारणा आहे, आणि ती धारणा कशावर उभी आहे हे सांगण्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

आनंदीबाईंनी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्ता सोडले. पती गोपाळराव मागे राहिले होते. सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या. परंतु घरचे, भाषेचे, जातीचे असे बोटीवर कोणीही नव्हते. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. तिकडच्या हिवाळ्यात नऊवारी लुगड्याने पायांचे रक्षण होईना, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. तथापि शाकाहार आणि देशी पोशाख यांचे व्रत त्यांनी मोडले नाही. प्रकृती ढासळत गेली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचे देहावसान झाले. शीत प्रदेशात देहाचे रक्षण कसे करावे याचे शास्त्र त्यांना कोणी नीट समजावून दिले असते, तर पुढचा इतिहास कसा घडला असता, हा विचार मनातून जात नाही.

आनंदीबाईंचे नाव सर्वतोमुखी आहे. पार्वतीबाई आठवले यांचे नाही, आणि ही उणीव मला फार लागते. देवरूखला १८७० साली जन्मलेल्या, विशीच्या सुमारास पदरी लहान मूल असताना वैधव्य आलेल्या, महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे यांच्या या भगिनीने हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव हिंडून वर्गणी जमवली. केशवपनाची रूढी पुढे स्वतःच्या निश्चयाने टाकली. आणि १९१८ साली, वयाची अठ्ठेचाळिशी आली असताना, इंग्रजी भाषेचे ज्ञान अगदी तोकडे असताना, त्या अमेरिकेस निघाल्या. पैसा अपुरा होता, म्हणून परक्या घरांत मोलकरणीची कामे करून त्यांनी निर्वाह चालविला आणि त्या घरांतूनच इंग्रजी शिकण्याची खटपट केली. हिंगण्यास ज्यांना ‘बाई’ म्हणून मान होता, त्या दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातील भांडी घासत होत्या, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. १९२० साली त्या परतल्या. १९२८ साली ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि दोनच वर्षांनी त्याचा इंग्रजी अनुवाद अमेरिकेत निघाला.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर एखादी गोष्ट अगदी पहिल्या पायरीपासून शिकण्याचे, आणि ती शिकताना परक्यांसमोर अजाण दिसण्याचे जे धैर्य पार्वतीबाईंपाशी होते, तेच धैर्य आज स्कीच्या पहिल्या धड्याला उभ्या राहणाऱ्या प्रौढ स्त्रीला लागते. फरक एवढाच की, पार्वतीबाईंच्या प्रत्येक पावलामागे आश्रमाची जबाबदारी होती. पूर्वीच्या स्त्रीला घराबाहेर पडण्यासाठी तीर्थयात्रा, बाळंतपण, आजारपण किंवा समाजकार्य यांपैकी एखादा दाखला सादर करावा लागे; स्वतःच्या आनंदासाठी प्रवास ही बाब कुठल्याच दप्तरात नोंदलेली नव्हती.

कायद्याच्या दप्तरात ती नोंद झाली, तीही एका स्त्रीच्या फिर्यादीमुळे. १९७७ च्या जुलैत मेनका गांधी यांना आपले पारपत्र सात दिवसांच्या आत जमा करण्याचा हुकूम झाला, आणि सार्वजनिक हिताच्या नावाखाली कारणे देण्यास सरकारने नकार दिला. त्यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २५ जानेवारी १९७८ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने दिलेल्या निकालाने, परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असून, न्याय्य आणि वाजवी कार्यपद्धतीवाचून तो हिरावून घेता येणार नाही, हे तत्त्व पक्के झाले. पत्नीला पारपत्रासाठी पतीच्या स्वाक्षरीची आवश्यकता नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाला २०२५ सालीही स्पष्ट शब्दांत सांगावे लागले. माझी विनंती अशी की, ज्या स्त्रियांना अद्याप पारपत्र नाही, त्यांनी प्रवासाचा बेत असो वा नसो, अर्ज करून ठेवावा. सोलापूरकरांना आता त्यासाठी पुण्याला खेपा घालाव्या लागत नाहीत. शहरातील टपालकचेरीतच त्याची सोय झाली आहे.

आता बर्फाकडे वळू. स्की ही मूळची उत्तर युरोपातील हिमप्रदेशाची गरज होती. तिचा खेळ आणि पुढे पर्यटन झाले, ते गेल्या दीडशे वर्षांत. या खेळात स्त्रियांनी आपली जागा स्वतः निर्माण केली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. स्वित्झर्लंडमधील मुरेन या सुमारे १,६५० मीटर उंचीवरच्या, मोटारगाड्यांना मज्जाव असलेल्या खेड्यात १९२३ साली ‘लेडीज स्की क्लब’ स्थापन झाला. त्याच मुरेनला १९३१ साली पहिली जागतिक अल्पाइन स्पर्धा भरली, तेव्हा स्त्रियांच्या शर्यती तिच्यात आरंभापासून होत्या. स्कीवरून उंच उडी मारण्याच्या प्रकाराला मात्र स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला तो थेट २०१४ साली, सोची येथे. त्याच्या नऊच वर्षे आधी, २००५ मध्ये, आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे अध्यक्ष, हा प्रकार वैद्यकीय दृष्ट्या स्त्रियांना उचित नाही, असे मत जाहीरपणे मांडत होते.

केवळ स्त्रियांसाठी स्कीचे वर्ग ही कल्पना १९७० च्या दशकात अमेरिकेत रुजली. कॅलिफोर्नियातील स्क्वॉ व्हॅली येथे एलिसा स्लँगर या शिक्षिकेने असे वर्ग चालविले, त्यांमागचे निरीक्षण साधे होते. मिश्र वर्गात प्रौढ स्त्री पतीच्या किंवा मित्राच्या वेगाशी आपली तुलना करते, आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होतो या संकोचाने न झेपणाऱ्या उतारावर जाते, तेथे घाबरते आणि खेळ कायमचा सोडते. स्त्रियांच्या वर्गात प्रश्न अधिक विचारले जातात, थांबण्याची मुभा असते आणि भीतीबद्दल मोकळेपणी बोलता येते. जीनी थोरेन या दुसऱ्या अमेरिकन स्त्रीने साधनांकडे लक्ष वेधले. स्त्रीच्या पोटरीचा स्नायू पुरुषापेक्षा खाली उतरलेला असतो, कटी रुंद असते, देहाच्या भाराचे केंद्र निराळे असते. असे असताना पुरुषांच्या मापाने घडविलेले बूट आणि स्कीच्या पट्ट्या तिच्या माथी मारल्या जातात आणि दोष मात्र तिच्या कौशल्याला लावला जातो. टाचेखाली पातळ पाचर घालणे आणि बूट पट्टीवर थोडा पुढे बसविणे, एवढ्या उपायांनी अनेक स्त्रियांचा तोल सुधारतो, हे त्यांनी दाखवून दिले.

पहिल्या दिवशी काय घडते, ते तपशिलाने सांगणे अगत्याचे आहे, कारण भीतीचा पुष्कळसा भाग अज्ञानातून येतो. सकाळी दुकानात बूट भाड्याने मिळतात. हा बूट टणक प्लॅस्टिकचा, पोटरीपर्यंत येणारा, घोट्याला हलू न देणारा असतो; मोजा एकच आणि पातळ घालायचा, कारण थंडीच्या भयाने दोन जाड मोजे चढविले की रक्ताभिसरण अडते आणि पाय उलट अधिक गारठतात. सरळ उभे राहिल्यास बोटे बुटाच्या टोकाला किंचित लागावीत आणि गुडघे पुढे वाकविले की ती मागे सरावीत, ही योग्य मापाची खूण. नंतर तेथील कारागीर तुमचे वजन, उंची, वय आणि खेळातील तयारी विचारतो. येथे वजन खरे सांगावे. लाजेने कमी सांगू नये. ज्या खिट्टीने बूट पट्टीत अडकतो, तिचा ताण या उत्तरांवरून बसवतात. ताण चुकला तर पट्टी नको तेव्हा सुटते, किंवा पडल्यावर वेळेवर सुटत नाही आणि गुडघ्याचा सांधा पिळवटतो. स्त्रियांमध्ये गुडघ्याच्या पुढच्या बंधाची दुखापत पुरुषांपेक्षा अधिक आढळते, म्हणून हा मुद्दा गौण नाही.

मग जवळजवळ सपाट अशा मैदानावर पहिला धडा मिळतो. दोन्ही पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची टोके दूर ठेवून, आतल्या कडा बर्फात रोवून उभे राहायचे. ही आकृती नांगराच्या फाळासारखी दिसते आणि तिनेच वेगाला आवर बसतो. टाचा अधिक फाकविल्या की गती मंदावते, डाव्या पायावर भार दिला की उजवीकडे वळण येते आणि उजव्यावर दिला की डावीकडे. नवशिकीची स्वाभाविक प्रवृत्ती भीतीने मागे रेलण्याची असते आणि तीच घातक ठरते, कारण भार मागे गेला की पट्ट्यांची टोके हलकी होतात, त्यांवरचा ताबा सुटतो आणि वेग वाढतो. ज्या दिशेची भीती वाटते त्या दिशेलाच, म्हणजे उताराकडे, देह किंचित झुकवावा लागतो, नडगी बुटाच्या जिभेवर टेकवावी लागते आणि दृष्टी पायांवर न ठेवता पुढे ठेवावी लागते. पडणार असे वाटले तर खाली बसू नये. चढाच्या बाजूस कुशीवर अंग टाकावे. मुलांसारखे नितळ मन आणि प्रौढाचे सावधपण यांची येथे एकाच वेळी कसोटी लागते. शिबिरातल्या निरनिराळ्या देशांच्या आठ-दहा स्त्रिया दुपारपर्यंत एकमेकींना हात देऊन उठवीत असतात, आणि ओळखीला भाषेची वाट पाहावी लागत नाही.

‘काही झाले तर’ या प्रश्नाचे उत्तर धैर्याने देता येत नाही, तजविजीने द्यावे लागते. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान ३०,००० युरो इतक्या रकमेचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे; परंतु सामान्य प्रवासविम्यात हिवाळी खेळ अंतर्भूत असतीलच असे नाही, म्हणून ते कलम लेखी स्वरूपात मागून घ्यावे आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च त्यात आहे की नाही, याची खातरजमा करावी. आखून दिलेल्या उतारांबाहेर गेल्यास बहुतेक विमे लागू होत नाहीत, आणि हिमस्खलनाचा धोकाही तेथेच असतो. उतारांना रंगांनी श्रेणी दिलेली असते : निळा सोपा, तांबडा मध्यम, काळा कठीण, फ्रान्समध्ये निळ्याहूनही सोपा हिरवा असतो. वरून येणाऱ्याने खालच्याला सांभाळावे, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्यामुळे संथ चालणाऱ्या नवशिकीने पाठीमागून येणाऱ्यांची चिंता करण्याचे कारण नाही. बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांचा फार मोठा भाग परावर्तित करतो; वैशाखात पारा पंचेचाळिशीच्या घरात गेलेला पाहण्याची सवय असलेल्या आपल्या गावच्या स्त्रीलाही तेथे डोळ्यांना चष्मा आणि चेहऱ्याला लेप लागतोच.

हे सर्व प्रथमच परदेशात जाऊन शिकावे असेही नाही. गुलमर्गला केंद्र सरकारची स्की आणि गिर्यारोहण शिकविणारी संस्था आहे, उत्तराखंडात औली आहे. तेथे एक शिबिर करून मग आल्प्सला जाणे खर्चाच्या आणि आत्मविश्वासाच्या दृष्टीने हितावह होय. भारतीय स्त्रीला बर्फ परका राहिलेला नाही. शैलजा कुमार १९८८ साली कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरल्या. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर हवाई छत्रीने उडी घेतली, आणि ती त्यांच्या आयुष्यातील पहिलीच उडी होती. २००९ च्या डिसेंबरात राष्ट्रकुलातील निरनिराळ्या देशांच्या स्त्रियांचे पथक सुमारे ९०० किलोमीटर अंतर स्कीवरून तुडवीत दक्षिण ध्रुवावर पोहोचले. त्यात भारताच्या रीना कौशल धर्मशक्तू होत्या. त्या पथकातील काही जणींनी मोहिमेच्या निवडीपूर्वी बर्फ पाहिलासुद्धा नव्हता, ही गोष्ट मला फार आश्वासक वाटते. २०१८ च्या जानेवारीत आंचल ठाकूर यांनी तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवून स्कीच्या खेळातले भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक आणले.

सोलापूरच्या स्त्रीच्या दृष्टीने अडचण हंगामाची आहे. आल्प्समधला बर्फ उत्तम असतो तो जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, भोगी, संक्रांत, हळदीकुंकू आणि शेतावरचा हुरडा या सर्वांची गर्दी उसळलेली असते तेव्हा. घरातल्या बाईने या दिवसांत गैरहजर राहणे अनेकांना अपशकुनासारखे वाटते. मार्चचा मध्य हा त्यावर तोडगा आहे. दिवस मोठे, थंडी सौम्य, आणि उंचावरच्या उतारांवर बर्फ टिकून असतो. तयारी मात्र चार महिने आधी सुरू करावी. पहाटे तलावाकाठी फिरायला जाणाऱ्या स्त्रियांनी त्याला जिने चढण्या-उतरण्याची आणि अर्ध्या बैठकांची जोड दिली, तर मांड्यांना बळ येते. स्कीचा सारा भार मांड्यांवरच पडतो. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठावी आणि विमानाच्या वेळेआधी पुरेसा अवधी ठेवावा. शिदोरीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी अवश्य न्यावी, ती टिकते आणि नेण्यास आडकाठी नाही. खव्याची पोळी, पेढे किंवा तूप मात्र नेऊ नये, कारण दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघाच्या सरहद्दीत आणण्यास प्रवाशांना मनाई आहे.

राहता राहिला खर्च. विमान, व्हिसा, विमा, शिबिराचे शुल्क आणि भाड्याची साधने धरून हा आकडा काही लाखांच्या घरात जातो, हे लपविण्यात अर्थ नाही, आणि पगारदार स्त्रीलाही तो एकरकमी पेलत नाही. आपल्या गावात स्त्रियांच्या भिशा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. त्यांतून दागिने झाले, मुलांची फी भरली गेली, घराचे पत्रे बदलले. बारा जणींनी तीन वर्षांच्या मुदतीची एक भिशी केवळ प्रवासासाठी धरावी, आणि जिची पाळी येईल तिने रक्कम उचलताना ती कशासाठी हवी हे कोणालाही सांगण्याची अट त्यात नसावी.